लुचईचा कल

गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यात आमची इन्स्टिट्यूट सुरू झाली तेव्हा खाली मोटरसायकलच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि वरच्या दोन मजल्यांवर आम्ही. एका खोलीत कॉम्प्युटर, एका खोलीत प्रयोगशाळा, आणि मागच्या बाजूला रोपं वाढवायची बिनखिडकीची ग्रोथ रूम. दिवसभर खालून इंजिन ताणल्याचे आवाज येत आणि वारा फिरला की राइस मिलचा वास. खिडकीच्या कठड्यावर भुशाची काळी राख बसायची. ती पुसल्याशिवाय मी वर्गावर जात नसे.

मी वर्ध्याची. एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या मुलांना ऊतिसंवर्धन शिकवायचे. बायोइन्फर्मॅटिक्सला लोकेंद्र बिसेन होता, जवळच्याच मुर्रीचा. संस्था तीन वर्षांची, तिच्यात आम्ही सगळेच नवे. प्रवेशाला आलेले आईबाप जिन्यातच विचारायचे, "हा कोर्स करून पोरगी काय बनते जी?" लोकेंद्र त्यांना न कंटाळता समजावून सांगे. माझ्याच्यानं ते होत नसे.

दोन हजार आठचा भाद्रपद. योगेश्वरी पटले माझ्याकडे प्रबंध करत होती. अर्जुनी मोरगावकडची, अबोल, हात अगदी स्वच्छ. तिच्या बाटल्यांत कधी बुरशी लागली नाही. घरच्या लुचई धानाची आणि संशोधन केंद्रातून आणलेल्या सुधारित वाणाची रोपं काचेच्या बाटल्यांत वाढवून तुलना करायची, एवढा साधा तिचा विषय. तांदळाचा दाणा सोलायचा, निर्जंतुक करायचा, आगरच्या जेलीवर ठेवायचा. वर ट्यूबलाइट, भिंतीत एसी. आठवड्यात बोटभर हिरवी पाती उभी राहतात.

एका सकाळी ती कॉम्प्युटर रूमच्या दारात येऊन उभी राहिली.

"मॅडम, लुचई वाकून राहिली."

"उजेडाकडे वाकत असेल."

"नाही जी. उजेड वरून आहे."

मी जाऊन पाहिलं. दोन्ही भिंतींना रॅक होते. सुधारित वाणाची रोपं सरळ होती. लुचईची सगळी पाती मात्र एकाच बाजूला कललेली, शाळेत कुणी वर्गाबाहेरून गेलं की मुलांच्या माना वळतात तशी. दोन्ही रॅकवर दिशा तीच.

एसीचा वारा असेल म्हणून मी एसी बंद केला. बाटल्यांची झाकणं घट्ट होती, आत वारा जायला वाव नव्हता, हे मला ठाऊक होतं. तरी बंद केला. मग बाटल्या फिरवून ठेवल्या. संध्याकाळपर्यंत पाती वळून पुन्हा त्याच दिशेला आली. काही बाटल्या काळ्या कागदात गुंडाळल्या. कागद काढला तेव्हा पाती फिकट पडली होती, पण कल तोच.

लोकेंद्रला बोलावलं. तो हसला, मग त्यानं बाजारातून होकायंत्र आणलं आणि हसायचा थांबला.

"पूर्वेला, थोडी दक्षिणेकडे," तो म्हणाला. "तिकडे काय आहे आपल्या लॅबच्या?"

"पायखाना," मी म्हणाले.

"त्याच्या पलीकडे?"

त्याच्या पलीकडे आमगाव, सालेकसा, मग छत्तीसगड.

योगेश्वरी बाटल्या जागेवर ठेवून घरी गेली. दोन दिवस ती लॅबमध्ये आलीच नाही. परत आली तेव्हा तिच्या हातात कापडाच्या दोन पुरचुंड्या होत्या. दोन्हीत लुचईच, एकाच बांधीतली, म्हणजे शेताच्या एकाच तुकड्यातली, एकाच हंगामातली. एका पुरचुंडीतल्या लोंब्या तिच्या बाबांनी निवडून ठेवलेल्या, दुसरीतल्या तिच्या भावानं. घरातल्या धानाच्या ढोलीतून तिनं आधी आणलेलं बियाणंही भावाच्याच हातचं होतं.

"दोन्ही लावून पाहू जी," ती म्हणाली.

"भाऊ काय करतो तुझा?"

तेव्हा तिनं सांगितलं. संजू, तिचा मोठा भाऊ, मागच्या वर्षी धान निघाल्यावर मोबाइलचे टॉवर उभारायच्या कामावर छत्तीसगडला गेला. होळीपर्यंत फोन यायचा. मग बंद झाला. मुकादम म्हणाला, तो काम सोडून निघून गेला. पोलिसांनी फोटो ठेवून घेतला. आता पितृपक्ष तोंडावर होता, आणि बाबा म्हणत होते की कणकेचा पुतळा करून संजूचं क्रियाकर्म उरकून घ्यावं, म्हणजे सर्वपित्रीला त्याच्या नावानं पान वाढता येईल. आईनं अन्न सोडलं होतं.

"वहिनी?" मी विचारलं.

"वहिनी कुंकू लावते. बाबा म्हणतात, कधीवर लावायचं."

दाणे रुजायला थोडे दिवस गेले. बाबांच्या हातची लुचई सरळ उगवली. संजूच्या हातची कोंब फुटल्यापासूनच तिरपी होती.

मी शास्त्र शिकले आहे. माती एक, वाण एक, पाणी एक, फरक फक्त हाताचा, आणि हात हा काही घटक नव्हे. मी त्या काळात नीट जेवत नव्हते. वर्गावर एक वाक्य बोलायचे आणि पुढचं विसरून ग्रोथ रूमच्या दाराकडे बघत राहायचे. लोकेंद्रचंही तेच. त्यानं एक वेबकॅम बाटल्यांसमोर लावला आणि पात्यांचा कोन मोजणारा छोटासा प्रोग्राम लिहिला. कारण विचारलं तर म्हणाला, "मोजलं की भीती कमी होते, मॅडम."

मग त्यानंच सुचवलं: एका जागेवरून दिशा कळते, ठिकाण कळत नाही. दुसऱ्या जागेवरूनही दिशा घ्यायला हवी.

मी आणि योगेश्वरी बाटल्या मांडीवर घेऊन पॅसेंजरनं अर्जुनीला गेलो. रुळांच्या दोन्हीकडे धान गर्भावर आलेलं, बांध्यांतून पाणी चमकत होतं. घरी तिची आई शकुंतलाबाई ओसरीवर बसली होती. घरात पोवारी बोली चालू होती, माझ्याशी मात्र ती झाडीबोलीत बोलली.

"या जी मॅडम, बसा. पोरगी म्हणे, धान संजूले पाहून राहिलं?"

"तसं काही सांगता येत नाही, आई."

"काऊन सांगता येत नाही? तुमी शिकलेल्या ना?"

बाटल्या ओसरीवर ठेवल्या. आम्ही जेवेपर्यंत पाती फिरली, ईशान्येकडे. तिचे बाबा झामसिंग खांबाला टेकून बघत होते. उंच माणूस, डोळे लाल.

"मॅडम, एक सांगा," ते म्हणाले. "जित्या माणसाकडे धान असं झुकते, का मेलेल्याकडे?"

शकुंतलाबाई उठून आत गेली.

लोकेंद्रनं स्क्रीनवर नकाशा उघडून दोन रेषा ओढल्या. त्या छत्तीसगडातल्या डोंगरगडच्या पलीकडे, डोंगरात, एका निनावी जागी एकमेकींना छेदत होत्या. पोलिसांकडे जायचं का यावर आमचा वाद झाला.

"काय सांगायचं? धानानं पत्ता दिला?" लोकेंद्र म्हणाला.

झामसिंग एका पुतण्याला घेऊन तिकडे गेलेच. फोटो दाखवत फिरले. कुणी पाहिलं नव्हतं. ते तिथे असतानाच लोकेंद्रनं मला हाक मारली.

"रेषा हलली, मॅडम."

अर्जुनीला आम्ही दोन बाटल्या आणि एक होकायंत्र ठेवून आलो होतो; योगेश्वरीची आई तिकडची दिशा बघून रोज फोन करायची. ती निरक्षर होती, पण पाती होकायंत्राच्या कितव्या रेघेवर हे तिला सांगता येई. छेद डोंगरगडवर आला. मग बोरतलावजवळ. मग दरेकसा. रुळांच्या कडेनं, माणूस पायी चालेल त्या बेतानं, मधे मधे थांबत.

"येऊन राहिला," योगेश्वरी म्हणाली. पहिल्यांदाच मी तिला हसताना पाहिलं.

सालेकसा मागे पडलं त्या दिवशी आम्ही ठरवलं की वाटेत जाऊन उभं राहायचं. छेद आता रूळ सोडून आमगाव रस्त्यावर आला होता. योगेश्वरी, झामसिंग आणि मी एसटीनं निघालो आणि आमगावच्या अलीकडे एका फाट्यावर उतरलो. चहाची टपरी होती. बाकावर बसून आम्ही दोन बाटल्या मधे ठेवल्या. दुपारचं ऊन, दमट हवा, समोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे मोहाचं एक झाड.

पाती पूर्वेकडे होती. ट्रक गेले, सायकली गेल्या. झामसिंग प्रत्येक माणसाचा चेहरा निरखत होते. दुसऱ्यांदा चहा झाला तेव्हा पाती सरकली होती. पूर्वेकडून हळूहळू समोर.

"जवळ आला," योगेश्वरी उठून उभी राहिली.

रस्त्यावर कुणी नव्हतं.

पाती समोर आली आणि थांबली. थेट मोहाच्या झाडाखाली. मी खाली वाकून एका डोळ्यानं पात्याच्या टोकावरून बघितलं, पुन्हा पुन्हा. झाडाखाली गवत होतं, प्लास्टिकची एक फाटकी पिशवी होती.

चालणारा माणूस आमच्या समोरून केव्हाच निघून गेला असता. पाती तिथंच राहिली. सावल्या झाडाच्या दुसऱ्या बाजूला गेल्या तरी तिथंच राहिली. जे कुणी होतं ते तिथे उभं राहून आमच्याकडे बघत होतं.

झामसिंग रस्ता ओलांडून गेले. झाडापासून थोडं अंतर ठेवून थांबले.

"संजू," ते म्हणाले. "घरी चाल, बेटा. माय जेवत नाही."

टपरीवाल्यानं स्टोव्ह बारीक केला आणि आमच्याकडे पाठ फिरवून भांडी घासू लागला.

झामसिंग परत आले तेव्हा त्यांच्या अंगावर, त्या उकाड्यात, काटा होता.

"कायले बोललो मी," एवढंच ते म्हणाले.

पाती पश्चिमेकडे वळायला लागली होती. गोंदियाकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोकेंद्र माझ्या आधी आला होता आणि जिन्यातच बसला होता. वर गेला नव्हता.

"घरून वेबकॅमवर पाहिलं," तो म्हणाला. "तुम्ही बघा."

ग्रोथ रूममध्ये ट्यूबलाइट गुणगुणत होत्या. डावीकडच्या रॅकवरची लुचई उजवीकडे झुकली होती. उजवीकडची डावीकडे. वरच्या फळीवरची खाली बघत होती, खालच्या फळीवरची वर. सगळ्यांची टोकं खोलीच्या मधोमध एका जागी रोखलेली. तिथे खाली फरशी होती, दुसरं काही नव्हतं. टोकांचा रोख माझ्या खांद्याच्या वर, उभ्या माणसाचं डोकं असतं तेवढ्या उंचीवर.

मी दारातच राहिले. हवा नेहमीसारखीच होती, आगरच्या शिळ्या गोडसर वासाची.

योगेश्वरीनं घरी फोन केला. दुपारच्या पॅसेंजरनं शकुंतलाबाई आली, डोक्यावरून पदर, हातात डबा. जिना चढून दम लागला होता. झामसिंग मागे होते, ते जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबले आणि पुढे आले नाहीत.

मी तिला काही सांगायच्या आत तिनं रॅककडे पाहिलं. एकीकडे, मग दुसरीकडे. शेतात आयुष्य गेलेली बाई, धानाचं काय बिघडलं हे तिला विचारावं लागलं नाही. चपला दाराबाहेर काढून ती आत गेली.

"घरी काऊन नाही आला?" तिनं विचारलं. आवाज रागाचा होता, उशिरा आलेल्या मुलाशी बोलावा तसा. "इथं कायले आला?"



"आई," योगेश्वरीनं तिचा हात धरायचा प्रयत्न केला. तिनं तो सोडवून घेतला.

"किती चालला असन," ती म्हणाली. "आन तुमी त्याले उभं ठेवलं."

तिनं इकडेतिकडे पाहिलं, लॅबमधलं लाकडी स्टूल उचललं, ग्रोथ रूमच्या मधोमध नेऊन ठेवलं, पदरानं पुसलं.

"बस."

मग ती स्वतः त्याच्यासमोर फरशीवर बसली आणि डबा उघडला. भाताची वाफ केव्हाच गेली होती. ती घरचं सांगू लागली. गाय व्याली, बांध फुटला होता तो बांधला, वहिनी माहेरी गेली नाही, तुझी वाट पाहून राहिली. पोवारीत, हलक्या आवाजात, मधे उत्तरापुरती थांबत. खाली दुकानात कुणी तरी मोटरसायकलला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती.

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. लोकेंद्र माझ्या मागे आला.

किती वेळ गेला सांगता येत नाही.

दोन्ही रॅकवरच्या पात्यांची टोकं हळूहळू खाली येत होती. सगळी, एकसारखी. स्टुलावर बसलेल्या माणसाच्या तोंडावर रोख धरून ती थांबली.