आत जे आहे तेच दारावर

तिच्या ईमेलला त्याने आठवडाभर उत्तर दिलं नव्हतं. "माझी दुसऱ्या शाखेत बदली होतेय. नाही म्हणता येईल, पण तसं कारण हवं. तुमच्याकडे आहे का एखादं?" एवढंच होतं त्यात. वर सब्जेक्ट लाइन : 'उत्तर हवंय'.

तो गाद्यांच्या कंपनीत जाहिरातींच्या ईमेलना सब्जेक्ट लाइन लिहायचा. सगळे त्याला मास्तर म्हणत. 'तुमची ऑर्डर रद्द?' ही त्याची ओळ पाहून हजारोंनी ईमेल उघडला होता. आत निघाली उशांवरची सूट. धास्तावलेल्या गिऱ्हाइकांचे फोन गेले तक्रार विभागात, आणि तिथून ती तणतणत आली — हेडफोन गळ्यात तसाच.

"मास्तर, ओळ तुम्ही लिहिता आणि शिव्या मी खाते. आत जे आहे तेच दारावर लिहावं माणसानं."

तो इतका गांगरला, की मग काय लिहू, असं तिलाच विचारून बसला. तिने उभ्याउभ्याच टाइप केलं : 'उशा स्वस्त झाल्यात'.

तेव्हापासून प्रत्येक ओळ आधी तिच्याकडे जाऊ लागली. ती हसली तर पाठवायची, भुवई उंचावली तर खोडायची. त्या भुवईसाठी तो मुद्दाम वाईट ओळी कधी लिहू लागला, त्यालाही कळलं नाही.

आणि आता तिलाच उत्तर लिहायचं तर... 'एक छोटीशी गोष्ट'. 'खास तुमच्यासाठी'. छे, हे तर उशी विकल्यासारखं! विचारायचं तरी कुणाला? ओळ तपासणारी तीच होती.

सकाळी घरून निघताना दाराशी त्याची थोरली बहीण म्हणाली होती, "बस तू मिठाची गुळणी धरून. ती जाईल निघून."

काचेपलीकडे ती आपल्या सामानाच्या खोक्याला चिकटपट्टी लावत होती. संध्याकाळपर्यंत तिने बदलीला होकार कळवायचा होता. आपलं कारण पुरेल का? आणि ती हसली तर — कुठलं हसू असेल ते?

त्याने सब्जेक्ट लाइनमध्ये लिहिलं : 'जाऊ नका. मला तुम्ही आवडता.'

खाली लिहायला काही उरलंच नाही. त्याने डोळे मिटून बटण दाबलं.

पलीकडे तिचा फोन वाजला. तिने पडद्यावर नुसती नजर टाकली, ईमेल उघडलाच नाही.

मग तिने फोन बाजूला ठेवला, आणि खोक्याची चिकटपट्टी नखाने हळूहळू सोडवू लागली.