बारा गुरुवार

मेट्रनबाईंनी तिचा अर्ज तिसऱ्यांदा परत सरकवला. "अतिदक्षतेचं प्रशिक्षण घे ना, कोण नाही म्हणतंय? पण बारा गुरुवार तुझ्या जागी वॉर्डात कोण उभं राहणार? मी?"

"मी राहतो."

दारात कालच तिच्या वॉर्डात परिचारक म्हणून रुजू झालेले ब्रदर उभे होते. हातातला कागद त्यांनी घाईने घडी करून खिशात घातला.

बाहेर तिने त्यांना गाठलं. "दर गुरुवारी दोन पाळ्या? झेपेल?"

"फुकट नाही, सिस्टर. शिकाल ते मला शिकवायचं."

मग रोज पाळी बदलताना, रुग्णांची माहिती देऊन झाली की दहा मिनिटं त्या दोघांची असत. ती वहीत श्वसनयंत्राची आकृती काढी; ते मुद्दाम चुकत.

"हा गजर कधी वाजतो?"

"तुम्ही रागावलात की..."

"ब्रदर!" ती डोळे वटारी, पण घरी जाताना ओठांवर हसू असे. शुक्रवारी त्यांचे डोळे तांबारलेले दिसत, आणि तिला उगाच अपराधी वाटे.

प्रशिक्षणाच्या परीक्षेत ती पहिली आली. सोबतच दूरच्या मोठ्या रुग्णालयात बदलीचा हुकूमही आला. ती तडक मेट्रनबाईंकडे गेली. "आता ब्रदरना पाठवा. त्यांचे गुरुवार मी घेते, मग जाते."

बाईंनी चष्मा काढला. "वयाची अट पस्तीस, अगं. त्याची गेल्या महिन्यात पस्तिशी उलटली. तू तिसऱ्यांदा अर्ज घेऊन आलीस त्या दिवशी तोही अर्ज द्यायलाच आला होता... एका वॉर्डातून एकच जातो."

शेवटच्या दिवशी पाळी बदलताना ती म्हणाली, "सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर गेला असतात?"

"आताही — थांबा म्हणालात तर थांबेन. कायमची."

ते क्षणभर नुसते पाहत राहिले. त्या पाहण्यात होकार होता, तिला स्वच्छ दिसला. "थांबलात, तर माझे बारा गुरुवार परत करावे लागतील," ते हसत म्हणाले. हसू मात्र डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. त्यांनी नोंदवही उघडली. "बोला, सिस्टर. खाट क्रमांक एक?"

"ताप उतरलाय... सलाईन संध्याकाळपर्यंत," ती सांगू लागली. सातव्या खाटेशी ती अडली. ते पेन धरून थांबले. घाई न करता, ती पुन्हा बोलेपर्यंत.

बारावी खाट झाल्यावर तिने आकृत्यांची वही त्यांच्या हातात ठेवली, आणि मागे न पाहता ती जिना उतरली.