काचेवरचा अंगठा

या, जवळ सरका. काशीतली एक गोष्ट सांगतो. विश्वनाथाची शपथ, पदरचं काही नाही. माझ्याच हातून घडलंय.

मी श्रीनिवास. राहतो बालाजी घाटाजवळ, काम विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत. कीर्तन कधी चुकवत नाही.

विद्युल्लता माझ्या हाताखाली संशोधन करायची. काडेपेटीएवढ्या काचेवर व्हॅनेडियम ऑक्साइडचा केसाहून पातळ थर. एरवी तो वीज अडवतो. अडुसष्ट अंशांना तापला की एकदम पालटतो, वीज वाहू देतो. त्यात किंचित टंगस्टन मिसळलं, तर कमी तापमानावरच पालटतो. किती मिसळायचं, हे शोधत पोरीने तीन वर्षं घालवली. थर तेहतीस अंशांवर पालटेल, इथवर आणला. मग मला म्हणायची,

"दादा, हीटर छोडो! नुसता अंगठा ठेवा."

ती अंगठा टेकवायची, हळूच अभंग म्हणायची. विजेला होणारा अडथळा मोजणाऱ्या मीटरचा आकडा धाडकन खाली.

श्रावणात डेंग्यूने ती गेली.

पौषात मी शोधनिबंध पूर्ण केला. लेखक... मी एकटा. बढती अडली होती. गेलेल्या माणसाला नाव कशाला, असं मनाला समजावलं.

भर दुपार होती. बाहेर दाट धुकं. खोलीत पंधरा अंश. शेजारी आमचा तंत्रज्ञ ढुंढिराज, समोर मीटरला जोडलेली तिची काच.

मी निबंध पाठवायचं बटण दाबलं.

आणि... मीटरचा आकडा कोसळला.

"सर, हीटर लावलात क्या?"

"नाही रे."

"मग तारा चिकटल्या असतील."

त्याने पाहिलं. तारा एकमेकींना कुठेच टेकल्या नव्हत्या.

काचेवर बाष्प धरलं होतं. मधोमध मात्र कोरडा ठसा...

अंगठ्याचा.

"सर... कोण गातंय?"

तोच अभंग. तोच आवाज. शेवटच्या चरणापर्यंत आला, आणि जिथे संताचं नाव यायचं...

तिथेच थांबला.

बुवा कितीही घाईत असोत, अभंगातली नाममुद्रा कधी गाळत नाहीत. हे मीच लोकांना कौतुकाने सांगायचो. मान वर करवेना.

तरी निबंध छापणाऱ्या मासिकाला दुरुस्तीचं पत्र तीनदा लिहून फाडलं. लाज वाटते सांगायला. निबंध छापून आला, बढती मिळाली, त्यानंतर चौथं पत्र गेलं. आता तिचं नाव पहिलं आहे.

पण...

ढुंढिराजने अंगठा ठेवला की आकडा पडतो. विद्यार्थ्यांनी ठेवला तरी पडतो.

मी ठेवला की हलत नाही.

हात गार नाही हो माझा. तापमापक चौतीस दाखवतो.

आज भजन आटोपून हात जोडाल, तेव्हा शेवटी एक नाव घ्या. विद्युल्लता. मी रोज घेतो... पोहोचतं की नाही, कळत नाही.