उन्हात गळणारं छत

"आत्यांचं बाथरूम फोडायचं की नाही, एवढंच सांगा," टेलरबाई दारातच म्हणाल्या. "सोमवारी त्या माझ्या धाकट्या दिरांकडे जायच्यात, कायमच्या. ट्रंक भरून झालीय."

थेंबमावशीने चपला काढल्या, पण लक्ष तिचं छताकडे. तीस वर्षं ती लोकांच्या घरातली गळती शोधत आली होती. खरं नाव आता तिलाही आठवावं लागे. सोबत पान्या. पन्नाशीचा नळकारागीर, हातात सदा पाना आणि डोक्यात सदा एकच विचार, की जगातली प्रत्येक गळती पाइपातून सुरू होते.

शिवणाच्या खोलीत कापडं बेतायच्या टेबलावर घमेलं ठेवलेलं होतं. वर छताला पिवळट डाग.

"रोज गळतं?"

"गळलं की मी कॅलेंडरवर फुली मारते." टेलरबाईंनी भिंतीकडे बोट केलं. "चारच्या सुमाराला सुरू होतं. दोन गिऱ्हाइकांचे कपडे वाया गेले. वर आत्यांची खोली आणि बाथरूम, बाकी मोकळी गच्ची. मागे चार दिवस बाथरूम बंद ठेवून पाहिलं, तर एक थेंब नाही! आणखी काय पुरावा हवा?"

"मिटलं की मग," पान्या म्हणाला. "कुठून फोडू?"

"आधी तोंड मीट," मावशी म्हणाली. "बाई, ते चार दिवस हवा कशी होती?"

"पावसाळी. शिवलेले कपडे वाळेनात, इस्त्री फिरवून दिले मी."

मावशी कॅलेंडरावरच्या फुल्या बोटाने मोजू लागली. मावशी अशी मोजू लागली की आपलं काहीतरी चुकलंय असंच पान्याला वाटे.

बाहेरच्या खोलीत टेलरबाईंचे सासरे काठी टेकून बसले होते. पाय त्या भरलेल्या ट्रंकेवर.

"ट्रंक कुणाची गं ही?" त्यांनी मोठ्याने विचारलं. सुनेने मावशीला बाजूला ओढलं.

"कमी ऐकू येतं त्यांना," ती हळूच म्हणाली. "आत्या त्यांची सख्खी बहीण. अजून सांगितलं नाही. जीव वरखाली होईल त्यांचा."

मावशी कानाशी वाकली. "आजोबा, छत गळतं म्हणे!"

"माझं छत?" म्हातारा उसळला. "उभं राहून घालून घेतलंय! पावसात गळलं का? नाही ना? मग पाइप बघा कुठला तो. पण सुनेची खोली दुपारी भट्टी होते हे खरं. पोरगी मशीनवर भाजून निघते."

"तुम्ही जाता का वर?"

"पडलो होतो मागे. पायरी चढायची बंदी आहे मला," म्हातारा म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

जिना चढताना पान्याला पायऱ्यांवरच्या धुळीत, कठड्याच्या बाजूने, रुपयाएवढे गोल ठसे दिसले. प्रत्येक पायरीवर एक.

"डबा टेकवत नेला असेल कुणी," तो म्हणाला.

"फार दमला असेल मग," मावशी म्हणाली.

आत्या दारातच उभ्या होत्या. "माझंच बाथरूम गळतं," विचारायच्या आतच त्या म्हणाल्या. "लिहून घ्या आणि मोकळे व्हा. मी जाते आहे."

"पान्या, ऐकलंस? विचारायच्या आधी कबुली! असा गुन्हेगार भेटायला नशीब लागतं." मावशीने बाथरूमच्या जमिनीवर दोन बादल्या गडद निळीचं पाणी ओतलं.

गच्ची रखरखीत. टाकीजवळ रबरी नळी, दोरीवर एक चिंधी. आवळलेल्या मुठीसारखी वळून तशीच कडक वाळलेली. कठड्याच्या तळाला, जमिनीपासून दोन बोटं उंचीवर, पांढुरकी रेघ सरळ गेलेली. टाकीमागे त्याच उंचीला केसाएवढी चीर.

"ही चीर?" पान्या वाकला. "छ्या! टाकीच्या आडोशाला पाऊस लागत नाही, आणि जमिनीवरचं पाणी उतारानं थेट निचऱ्याच्या भोकातून खाली जातं. इथवर चढणार कसं?"

"तेच तर," मावशी म्हणाली. "चल, चहा पिऊन येऊ."

चहाच्या टपरीवर दोन तासांत पान्याने तीन कप रिचवले, तरी त्याची चुळबुळ थांबेना. सोमवार परवावर आला होता.

चारला ते परतले, आणि घमेल्यात पहिला थेंब वाजला. टप्. पान्याने तळहात धरला. पाणी स्वच्छ. निळीचा मागमूस नाही.

मावशीने सगळ्यांना खोलीत बोलावलं आणि म्हाताऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"बाथरूम निर्दोष आहे. हे छत पावसात गळत नाही, कडक उन्हात गळतं. ते चार दिवस कोरडे गेले ते बाथरूम बंद होतं म्हणून नाही, ऊन नव्हतं म्हणून. आता उन्हाच्या दिवशी गच्चीवर पाणी कोण सोडेल? ज्याला खालची खोली गार करायची आहे तो. नुसतं सोडलं तर वाहून जातं, म्हणून चिंधीचा बोळा करून भोकात कोंबायचा. पाणी दोन बोटं साचतं, कठड्यावर रेघ उमटते, आणि पाऊस जिथे पोचत नाही त्या चिरेत पाणी शिरतं. तीनला बोळा काढला की तापलेली गच्ची पुन्हा कोरडी. आजही आम्ही चहाला गेलो तेवढ्यात हेच झालं. पाझर मात्र खाली चारला पोचतो. आणि पायऱ्यांवरचे गोल ठसे..."

सगळ्यांच्या नजरा काठीच्या रबरी टोकावर गेल्या.

"बाबा!" टेलरबाई किंचाळल्याच. "तुम्ही जिना चढता?"

"पोरगी भाजत होती," म्हातारा पुटपुटला. "पण छत गळेल असं वाटलं नाही. माझं छत..."

"आणि आत्या," मावशी म्हणाली, "तुम्ही रोज पाहत होता. बोलला का नाहीत?"

आत्यांनी पदर बोटाला गुंडाळला. "सांगितलं असतं तर गच्चीला कुलूप लागलं असतं. वर आला की अर्धा तास शीळ घालतो तो. पडल्यापासून दुसरीकडे कुठे घालतो शीळ? म्हटलं, मी काय, कुठेही राहीन."

"राहीन म्हणजे? कुठे निघालीस तू?" म्हाताऱ्याने विचारलं.

टेलरबाई घमेलं सरकवू लागल्या. मग पान्याच, मान खाली घालून म्हणाला, "आजोबा, ती ट्रंक त्यांची आहे."

म्हातारा उठला. काठी टेकत बाहेरच्या खोलीत गेला. सगळे मागे धावले. त्याने ट्रंकेकडे पाहिलं, मग सुनेकडे.

टेलरबाईंचे डोळे भरले होते. "चुकलं, बाबा. चीर आजच बुजवून घेते. उद्यापासून पाणी मी सोडीन, बोळा न लावता. तुम्ही माझा हात धरून वर या आणि खुर्चीवर बसा. आत्या खुर्ची देतील ना?"

"देईन की," आत्या म्हणाल्या. "पण ती ट्रंकेत आहे, पातळांच्या आणि भांड्यांच्या खाली. घडीची आहे. काढू दे मला."

"थांब," म्हातारा म्हणाला आणि ट्रंकेवर फतकल मारून बसला. "आधी सोमवार जाऊ दे. बघू, कोण उचलून नेतो ही!"