उरलेला रोट

ब्याण्णवच्या श्रावणात पाचोऱ्याला सासरी असलेल्या कुंदाबाईला माहेरचं बोलावणं आलं, तेव्हाच तिनं ओळखलं, कानबाईच्या सणाचं निमित्त आहे. नरडाण्याजवळच्या बापाच्या रानात कारखाना येणार, अशी आवई उठली होती. रुपचंद आणि जीवराम हे तिचे धाकटे भाऊ वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. पण बहिणीनं जमिनीतला वाटा सोडून हक्कसोडीवर सही करावी, एवढ्यावर दोघांचं एकमत झालं. भावाभावांत असं प्रेम क्वचितच दिसतं.

रीतीप्रमाणे घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं मूठभर गहू काढले, दळले, त्याचे नैवेद्याचे जाड रोट भाजले. बाप, हिलालआबा, हिवाळ्यात गेलेला. त्याच्या नावाची मूठ निघाली नाही. लेकींच्या नावाची तर कधीच निघत नाही.

कानबाईचं विसर्जन आटोपून दोघे भाऊ तूप लावून रोट खायला बसले. कुळाचा रोट कुळातल्यांनीच संपवायचा. टाकायचा नाही, परक्याला द्यायचा नाही. कुंदाबाई उंबऱ्याशी नुसती बसली होती.

टोपली रिकामी झाली. जीवरामची बायको मंदाबाई फडकं झटकायला गेली, तर खाली एक रोट.

"तूच लपाडा व्हई!" जीवराम भावावर खेकसला.

"तुनाच हात लांब शेतस," रुपचंद म्हणाला.

वाटून खाल्ला. फडकं उचललं. पुन्हा एक. तोही संपवला, तर तिसरा.

आता मंदाबाईनं टोपलीला हात लावला नाही. रोट गरम होता, वाफ निघत होती. चूल केव्हाच विझली होती.

कुंदाबाई वाकली. रोटावर बोटं दाबल्याच्या खुणा होत्या. मधल्या बोटाची जागा कोरी. आबांचं मधलं बोट कापसाच्या जिनात तुटून गेलं होतं.

"माले द्या तो," ती म्हणाली.

"अक्का, तू ते लेक शे. रोट कुळना ऱ्हास," रुपचंद म्हणाला.

"मी परकी ना? मंग परकीनी सही तुले कसाले पाहिजे?"

बाहेर म्हैस रेकली, अर्ध्यावरच थांबली.

रुपचंदनं रागानं रोट उचलला, सगळाच्या सगळा तोंडात कोंबला. गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं. गिळला. फडकं उचलून दाखवलं.

टोपली रिकामी होती.

मग त्यानं हक्कसोडीचा कागद तिच्यापुढे सरकवला आणि उडू नये म्हणून वर पंजा दाबून धरला.

"कर सही."

कुंदाबाईनं पेन घेतलं नाही. ती कागदाकडे बघत राहिली. त्यानं हात उचलला.

कागदावर तुपाचा पंजा उमटला होता. मधलं बोट नव्हतं.

रुपचंदनं आपली बोटं पाहिली. पाचही जागच्या जागी होती. त्यानं पंजा धोतराला खसाखसा पुसला आणि कागद उलटून त्यावर पुन्हा दाबला.

पुन्हा तसाच.