भोकं असलेली वस्तू

नव्वद हजार शब्द पाठ असलेल्या मुलाला साधा झारा का सापडू नये?

सन २०६४. भिंगोटी ग्रहावरून तिसरीत दाखल झालेल्या टुकटुकने अख्खा मराठी शब्दकोश एका मधल्या सुट्टीत पाठ केला आणि उरलेल्या वेळात डबा खाल्ला. डब्यासकट. पण शाळेच्या स्वयंपाकघरातून कांतामावशी ओरडल्या, "टुकटुक, झारा आण रे, वडे करपतायत!" तेव्हा तो म्हणाला, "झारा : भोके असलेले धातूचे साधन," आणि चाळणी घेऊन आला. मग खिडकीची जाळी आणली. तीही खिडकीसकट.

"अरे राजा, शाळा तरी जागेवर ठेव!" मावशी म्हणाल्या.

रुंजीला हसू येईना. ती त्याची बाकावरची जोडीदार. शब्दांच्या पाठांतरात दरवर्षी शेवटची. तीन वाजता भिंगोटीचे तपासनीस त्याच्या मराठीची परीक्षा घ्यायला येणार होते. टुकटुक नापास झाला, तर ते त्याला परत नेणार होते.

तिने त्याला कढईजवळ उभं केलं. "पाठ नको म्हणूस. हातात धर. वडा काढ. काय झालं?"

"तेल निथळलं."

"मग झाऱ्याचे शेजारी कोण?"

"कढई, तेल, तळणं, निथळणं."

"झाऱ्याने पाणी पिता येईल?"

टुकटुकने पिऊन पाहिलं. शर्ट भिजला. "नाही," तो गंभीरपणे म्हणाला.

"आता कळला तुला झारा!"

शब्द डोक्यात एकटा राहत नाही. पाहिलेल्या, वापरलेल्या, ओळखीच्या शब्दांशी त्याची गाठ बसली, की शब्दजाळे (अर्थाने एकमेकांशी बांधलेले शब्द) तयार होते. नवा शब्द त्यात अडकला, की सहसा निसटत नाही.

तीन वाजता तपासनीस छपरावर उतरले आणि थेट स्वयंपाकघरात आले. "रोवळी आण," त्यांनी फर्मावलं.

टुकटुकने पाठ केलेला अर्थ म्हणायला तोंड उघडलं, पण लगेच मिटलं. "मावशी, रोवळी कशाला लागते?"

"तांदूळ धुवायला."

"म्हणजे तांदूळ, पाणी... निथळणं!" तो तांदळाच्या पिंपाकडे धावला आणि बांबूची टोपली घेऊन आला. रोवळीच ती. खिडक्या सगळ्या जागेवर.

"हे कुणी शिकवलं?" तपासनीसांनी विचारलं. टुकटुकने तिन्ही हातांनी रुंजीकडे बोट दाखवलं.

तपासनीसांनी नोंद केली. मग म्हणाले, "जूनमध्ये आणखी चाळीस मुलं पाठवतो. हिच्याच बाकावर."

"डबे स्टीलचे देऊ नका," मावशी म्हणाल्या आणि पदराने डोळे टिपत रुंजीकडे पाहत राहिल्या.

"टुकटुक, मला कसंतरीच होतंय," रुंजी पुटपुटली.

त्याने तिला नीट न्याहाळलं. "अभिमान," तो म्हणाला. "शेजारी : ताठ मान, लाल कान, मावशींचे डोळे."