डोळ्यातला दुसरा ठिपका

या, असे जवळ सरका. ते दार लोटून घ्या, म्हणजे मला आवाज चढवावा लागणार नाही. आज एक गोष्ट सांगतो. आधीच सांगून ठेवतो, ही खरी आहे. देवाला साक्षी ठेवून बोलतोय, पदरचं अक्षर घालणार नाही.

भुताची गोष्ट म्हटली की तुम्ही काळोख धरून बसता. ही भर दुपारची आहे. ढगाळ, पांढुरक्या दुपारची. जागा म्हणाल तर किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावरची खोली. एक मोठी खिडकी, करडी भिंत, एक खुर्ची.

बस्स. एवढ्यातच सगळं घडलं.

ही खोली म्हणजे माझ्या मावसभावाचा स्टुडिओ. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. ओळखपत्रांचे नि लग्नांचे फोटो तो पोटासाठी काढायचा. मनासाठी मात्र गावातले कलावंत. गाणारे, वाजवणारे, रंगवणारे, घडवणारे. त्याचं म्हणणं, वाद्य हातात असलं की माणूस वाद्याआड लपतो. ते बाजूला ठेवायचं आणि मागे जो उरेल त्याचा फोटो काढायचा.

आता वाजवणाऱ्याच्या हातातून वाद्य काढून घ्या आणि गंमत बघा. हात कुठे ठेवावेत तेच बिचाऱ्याला कळत नाही. खांदे वर वर चढत कानांना जाऊन भिडतात.

तिथे वहिनी, म्हणजे दादाची बायको, कामी यायची.

दादा कॅमेऱ्यामागे. त्याच्या डाव्या हाताला वहिनी, हातात थर्माकोलचा पांढरा तक्ता. खिडकीचा उजेड चेहऱ्याच्या एकाच बाजूला पडतो, दुसरी काळी राहते. तक्त्यावरून तो उजेड परतवायचा आणि काळ्या बाजूवर टाकायचा, हे वहिनीचं काम. आणि तोंडाची टकळी अखंड चालू.

"अहो, खांदे खाली घ्या की! खांद्यांना गाता येतं का?"

समोरचा फस्सकन हसायचा. खांदे खाली. तेवढ्यात दादाचं बोट बटणावर पडायचं.

दादाची एक शिस्त होती. डोळ्यात चमक एकच हवी. खिडकी एक, तर ठिपका एक. पण पांढरा तक्ताही डोळ्यात उमटतो, बारीकसा, खिडकीच्या शेजारी. दोन ठिपके राहिले की नजर खोटी वाटते, असं तो म्हणायचा. म्हणून कॉम्प्युटरवर बसला की आधी तो दुसरा ठिपका पुसायचा. मग तो साफ फोटो मूळ फोटोवरच ठेवून द्यायचा. जागा अडायला नको.

वहिनी चहाचा कप ठेवता ठेवता विचारायची, "झालं का मला पुसून?"

दोघं हसायची.

गेल्या हिवाळ्यात वहिनी गेली. साधा ताप म्हणाले, तो छातीत उतरला, आणि गेली.

दिवस पार पडले. पाहुणे परतले. मग भिंतीवर लावायला फोटो शोधायला बसला, तेव्हा दादाच्या लक्षात आलं... वहिनीचा फोटोच नाही. फोटोग्राफरच्या बायकोचा! जन्मभर ती कॅमेऱ्याच्या मागच्या अंगाला. कॅमेरा तिच्याकडे वळवला की तक्ता तोंडासमोर धरायची. "मी नको बाई. माझं नाक आधी येतं फोटोत, मी मागाहून." ओळखपत्रावरचा एक होता. त्यात ती कोणी वेगळीच बाई वाटायची, कुणीतरी दम देऊन बसवलेली.

त्याहून वाईट पुढेच होतं.

तिचा चेहरा त्याला आठवेनासा झाला.

आवाज आठवायचा. हात आठवायचे. डोळे मिटून चेहरा आणायला जावं... तर पांढरा तक्ता.

"मी तिला विसरत नाहीये रे," मला म्हणाला होता. "ती निसटतेय."

त्याला पुन्हा कामाला लावलं ते ड्रमवाल्यानं. जुना दोस्त. येऊन खुर्चीत बसलाच. "काढ फोटो. टक्कल पूर्ण पडायच्या आत काढ."

दादानं तक्ता एका खुर्चीवर टेकवून उभा केला आणि कॅमेऱ्याला डोळा लावला. ड्रमवाल्याचे खांदे कानाला. दादाला बोलायला सुचेना. खोलीत सगळं गप्प. खाली कानस घासल्याचा आवाज तेवढा यायचा, तोही थांबला.

आणि ड्रमवाला एकदम हसला. खांदे खाली.

दादानं बटण दाबलं. मग विचारलं, "काय झालं?"

"तूच म्हणालास ना?"

"मी? मी काही नाही बोललो."

ड्रमवाला त्याच्याकडे बघत राहिला. मग कान चोळत म्हणाला, "जाऊ दे. जन्मभर ड्रम बडवले. कानात काय काय वाजतं."

पण जाताना जिना उतरायच्या ऐवजी तो दारात थांबला. वहिनीच्या जागेकडे बघितलं.

पुढच्या खेपेला बाहुल्या करणारी बाई आली. फोटो छान झाले. चेहऱ्याची काळी बाजू अशी मऊ उजळली होती, की दादाला बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. ती गेल्यावर तो आवरायला लागला.

तक्ता जमिनीवर पडलेला होता. उपडा. खुर्चीच्या मागे.

पडल्याचा आवाज त्यानं ऐकला होता, पण तो अगदी सुरुवातीला, खाली कोणीतरी काही आपटलं असं समजून त्यानं सोडून दिलं होतं. म्हणजे सगळे फोटो तक्त्याशिवाय निघाले होते.

मग काळी बाजू उजळली कशानं?

ढग सरकले असतील, असं त्यानं मनाला सांगितलं. कॉम्प्युटरवर बसला. डोळ्यांतला दुसरा ठिपका पुसला, फोटो ठेवून दिला. झोपायला गेला. अंथरुणावर टेकला आणि...

तक्ता तर पडला होता. मग पुसला तो ठिपका कसला?

उठून बघितलं. मूळ फोटो राहिलाच नव्हता. बाहुलीवाल्या बाईचे डोळे लख्ख. एकेक खिडकी, बाकी काही नाही.

मग क्लॅरिनेटवाला आला. गावात नवा. वहिनीला त्यानं कधी पाहिलेलं नव्हतं. पोरगेलासा, लाजरा, पण त्या दिवशी कॅमेऱ्यासमोर असा खुलला की दादा चकित झाला. निघताना दारात वळून, रिकाम्या खोलीकडे बघून म्हणाला, "येतो हं, बाई."

दादाला वाटलं, असेल एकेकाची रीत. देवळातून निघताना आपण देवाला सांगून निघतो, तसा खोलीला सांगत असेल.

त्याचेही डोळे दादानं साफ केले. एकाच खिडकीचे. हाताला सवयच तशी. विचार दुसरीकडे होता, हात पुसत होता.

आणि मग आल्या गाणाऱ्या आजी.

आजींचं वय झालेलं, पण जिभेला गंज नव्हता. खुर्चीत टेकल्या, पदर सारखा केला. दादानं कॅमेऱ्याला डोळा लावला.

"अरे, त्यांना किती वेळ उभं ठेवशील?" आजी म्हणाल्या.

"कोणाला?"

"त्या बाईंना. हात भरून आले असतील. पांढरं धरून मघापासून उभ्यात त्या. बसू दे की जरा."

दादाचा डोळा कॅमेऱ्यालाच राहिला. मान वळेना.

मग वळला... डाव्या हाताला खुर्ची. खुर्चीवर टेकवलेला तक्ता नव्हता. तो तर त्यानं आज काढलाच नव्हता. कपाटामागे होता.

कोणी नव्हतं.

तुम्ही आम्ही असतो तर जिना गाठला असता. दादा गुडघ्यांवर आला. आजींचे हात धरले.

"आजी, कशी दिसते? तिचा चेहरा कसा आहे? सांगा ना. नाक? डोळे? सांगा हो!"

आजी गडबडल्या. "अरे बाबा, मला मोतीबिंदू. लांबचं सगळं दुधात बुडवल्यासारखं दिसतं. पांढरं काही आहे, त्याच्यामागे बाई आहे... एवढंच बघ." मग त्यांना कळलं असावं. त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "फोटो काढ बाळा. त्या थांबल्यात, तोवर काढ."

त्यानं काढला.

आजींना जिन्याखाली सोडून तो धावत वर आला. आजींचा डोळा मोठा केला. आणखी मोठा. पडदाभर. दुधाळ बुबुळावर खिडकी. खिडकीसमोर काळी आकृती, तो स्वतः. आणि शेजारी...

पांढरा चौकोन. चौकोनाच्या कडेवर बोटं.

वहिनीचीच. अंगठा जरा बाहेर काढून धरायची ती. वर थोडे केस. बाकी चेहरा तक्त्याआड.

दादा पडद्याला हात लावून किती वेळ बसला, कोण जाणे. आणि मग त्याला दुसरी गोष्ट कळली. ती कळली नसती तर बरं झालं असतं.

ठिपका आजचा नव्हता. ठिपका नेहमीच होता. वहिनी जिवंत होती तेव्हाचे सगळे फोटो, शेकडो माणसं, शेकडो डोळे... त्या प्रत्येक डोळ्यात ती उभी होती. हसत, बडबडत, कधी तक्ता खाली घेऊन, कधी तोंड उघडं टाकून. तिचा फोटो नव्हता असं नाही. त्यानंच ते सगळे काढले होते.

आणि त्यानंच पुसले होते. एकेक करून.

त्यानं जुने फोटो उघडायला सुरुवात केली. लख्ख. लख्ख. लख्ख. इतकं स्वच्छ काम, की कोणी नावं ठेवू शकलं नसतं.

सकाळ होताच त्यानं क्लॅरिनेटवाल्याला फोन लावला.

"तू निघताना 'येतो हं, बाई' कोणाला म्हणालास?"

"तुमच्या मदतनीस होत्या ना, त्यांना. त्यांच्यामुळे तर मी मोकळा झालो! शेवटच्या फोटोला त्यांनी ते पांढरं खाली ठेवलं आणि नीट माझ्याकडे बघून हसल्या. फार चांगला चेहरा आहे हो त्यांचा."

शेवटचा फोटो. दादानं निवडला होता तोच. साफ केला होता तोच.

"हॅलो?" पोरगा म्हणत राहिला. "हॅलो, काका? ऐकताय ना?"

तो पोरगा त्याच दुपारी आला. सगळं ऐकून पांढरा पडला, पण पळाला नाही. देव त्याचं भलं करो. दादानं त्याला कॅमेऱ्यामागे उभं केलं आणि स्वतः समोरच्या खुर्चीत बसला. म्हणाला, "सगळ्यांच्या डोळ्यांत आली, आता माझ्या डोळ्यांत येऊ दे. मी पुसणार नाही."

ढग दाटले. पोरगा कॅमेऱ्यातून बघत होता. मग त्यानं हळूच डोळा काढला, डाव्या हाताला बघितलं.

"काका... आल्यात."

दादा त्या दिशेनं बघत होता. डोळे फाडून बघत होता. करडी भिंत. रिकामी जागा.

"तक्ता?"

"नाही. हात मोकळे आहेत. तुमच्याकडे बघतायत."

"चेहरा सांग रे. कसा आहे ते सांग."

"गोल... म्हणजे... काका, मला नाही सांगता येत. वाजवायला सांगा, वाजवून दाखवतो."

"मग काढ. आहे तोवर काढ."

त्यानं बटण दाबलं.

दोघांनी मिळून तो फोटो बघितला. दादाचा डोळा मोठा केला, आणखी मोठा केला. डोळ्यात खिडकी नव्हती. पोरगा नव्हता. शेजारी कोण होतं ते दिसत नव्हतं. डोळा काठोकाठ भरलेला होता, आणि पाण्यात सगळा उजेड विरघळून गेला होता.

दादानं डोळे पुसले, परत बसला. परत भरले. परत पुसले. तिसऱ्यांदा बसला तेव्हा पोरगा खाली मान घालून म्हणाला, "काका, गेल्या त्या."

त्यानंतर ती कोणालाच दिसली नाही.

दादा अजून फोटो काढतो. येणाऱ्या प्रत्येकाला विचारतो, इथे कोणी दिसतं का? लोक घाबरतात, काही परत येत नाहीत. खरं सांगू? मीही त्या खोलीत वहिनीच्या जागेवर उभा राहत नाही. भीती तिची नाही. दादाची ती वाट बघणारी नजर सोसवत नाही. ती का आली, का गेली, मला ठाऊक नाही. ज्याला ठाऊक आहे तो वर बसलाय, आणि तो बोलत नाही.

तुम्ही एवढं करा. कधी कोणी तुमचा फोटो काढत असेल, आणि त्याच्या शेजारी कोणीतरी उजेड धरून उभं असेल, तर क्षणभर त्या माणसाच्या चेहऱ्याकडे नीट बघा.

आणि माझ्या वहिनीची आठवण काढा.